उलूपी लवकर आली

दशावतारी नाटकाचं पुस्तक नसतं. सिंधुदुर्गात कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या पट्ट्यात आणि पलीकडे गोव्यात पेडण्याच्या बाजूला तुळशीचं लग्न लागलं की देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर ही नाटकं उभी राहतात. आख्यान पुराणातलं, अंगावर भरजरी पोशाख, डोक्यावर मुकुट, बायकांची कामं परंपरेने पुरुषांनीच केलेली. मागे एक पडदा, मधोमध एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. तेच बाकडं सिंहासन, तेच डोंगर, तोच रथ. रात्री उशिरा उभा राहिलेला खेळ पहाटे दहीकाल्याने संपतो. तोवर राजे, राण्या, राक्षस, ऋषी अखंड बोलत असतात आणि त्यांचं वाक्य न् वाक्य पडद्याबाहेर आल्यावर जन्मलेलं असतं. संध्याकाळी आख्यान ठरतं, रंगपटात तोंडाला रंग लावता लावता जाणता माणूस प्रवेशांचा क्रम सांगतो: आधी कोण, मग कोण, युद्ध कोणाचं, वध कोणाचा. एवढ्या शिदोरीवर रात्र काढायची.

ज्याला आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मानतो, तोही याहून फार निराळा नव्हता. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं रचलेली होती, गद्य भाषणं मात्र नटांनी आपापल्या ताकदीवर करायची होती. पुढे लिहिलेलं, पाठ केलेलं नाटक आलं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि त्या वाटेला मोठी प्रतिष्ठा मिळाली. उभ्या उभ्या बोलणं मग अडाण्यांचं, कच्चं मानलं जाऊ लागलं. हा निवाडा मला कधीच पटलेला नाही. का पटत नाही, ते एका गोष्टीतून सांगतो. गोष्टीतली माणसं रचलेली आहेत, त्यांच्या कामाची रीत मात्र खरी आहे.

यशवंत कॉलेजात होता तेव्हा वक्तृत्व स्पर्धा गाजवायचा, आणि त्यातही उत्स्फूर्त भाषणाची. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचाराला घ्यायची आणि बोलायला उभं राहायचं. त्याने त्यात एक युक्ती बसवली होती. आई, माती, स्वातंत्र्य, शिक्षण आणि समुद्र अशी पाच भाषणं त्याला तोंडपाठ होती. चिठ्ठीत ‘मोबाईल: शाप की वरदान’ निघालं, की दोन वाक्यांत गावाहून येणाऱ्या आईच्या फोनवर यायचं आणि तिथून पुढे पाठ केलेली आई. ‘रस्त्यावरचे खड्डे’ निघालं, की खड्ड्यातून थेट माती. मध्येच थांबायचं, शब्द शोधतोय असं दाखवायचं, कपाळावर हात न्यायचा. परीक्षकांना ते खरं वाटे. घरात ढालींची रांग लागली आणि उत्स्फूर्त म्हणजे पाठांतर दिसू न देण्याची कला, ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसली.

नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. शिक्षण संपल्यावर तो एका दशावतारी कंपनीत गेला. मालकांनी त्याचा स्वच्छ आवाज आणि रेखीव चेहरा पाहून ठेवून घेतलं. पहिला हंगाम दूत, ऋषिकुमार, प्रधान अशा कामांत गेला. दुसऱ्या हंगामात मालकांनी त्याला बभ्रुवाहन दिला.

बभ्रुवाहनाचं आख्यान महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातलं. मराठीत श्रीधरांनीही ‘जैमिनी अश्वमेध’ रचला, त्यामुळे जुन्या माणसांना ते ओवीसकट माहीत. धर्मराजाच्या यज्ञाचा घोडा फिरत फिरत मणिपुरात येतो, त्याच्या मागे अर्जुन. मणिपूरचा राजा बभ्रुवाहन हा अर्जुनाचाच मुलगा, चित्रांगदेच्या पोटचा. बाप आला हे कळताच तो ताटात भेटी घेऊन सामोरा जातो. अर्जुन त्याला झिडकारतो. चाल करून आलेल्यापुढे फुलं घेऊन उभा राहणारा माझा मुलगा नव्हे, म्हणतो. मग युद्ध होतं, आणि मुलाच्या बाणाने बाप पडतो. शेवटी नागकन्या उलूपी मणी आणून त्याला उठवते.

अर्जुन दाजी करायचे. राजपार्टात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. चित्रांगदा बाळा करायचा आणि उलूपी दिगू. दोघेही जुने स्त्रीपार्टी.

यशवंताने वही आणली. अर्जुनाने झिडकारल्यावर बभ्रुवाहन जे बोलेल ते भाषण त्याने चांगलं नऊ पानं लिहिलं. स्पर्धेतली आई त्याने त्यात चित्रांगदेच्या नावाने घातली, मातीचं मणिपूर केलं. सुरुवात अशी: “पार्था, तुझ्या या उन्मत्त गर्जनेने मणिपूरचे डोंगर हादरतील, हा बभ्रुवाहन हादरणार नाही!” जत्रेच्या रात्री ते भाषण झालं तेव्हा देवळापुढचं अंगण टाळ्यांनी दणाणलं. प्रेक्षकांतून बक्षिसं आली, पेटीमास्तरांनी देणाऱ्यांची नावं पुकारली. कोणीतरी मोबाईलवर टिपलं, ते गावोगाव फिरलं. मग जिथे जाईल तिथे बभ्रुवाहनाचीच मागणी आणि त्यात त्याच भाषणाची.

कंपनीत मात्र कोणी काही बोलेना. यशवंताला वाटलं, मत्सर. एका रात्री मृदंगी तातू खेळ संपल्यावर वाद्याला गवसणी घालता घालता म्हणाला, “तू बोलतस तेवा मी काय वाजवू, सांग. तुझा सगळा ठरलेला. म्हणान माझो हात पण ठरलेलो.” यशवंताला ते तक्रारीसारखं वाटलं आणि त्याने ते सोडून दिलं.

त्याच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी होती. दाजींचा अर्जुन रोज वेगळा झिडकारायचा. एका रात्री ते मुलाकडे न बघता सारथ्याला म्हणायचे, “कोण आला आहे विचार.” दुसऱ्या रात्री ताटातलं फूल उचलून हुंगायचे आणि हसायचे. कधी चित्रांगदेवर घसरायचे. प्रत्येक वेळी ते एक नवा धागा पुढे करत होते, समोरच्याने धरावा म्हणून. यशवंत दर वेळी श्वास भरून उन्मत्त गर्जनेपासून सुरू करायचा. बाळा त्या नऊ पानांत हात लोंबते सोडून उभा राहायचा. चित्रांगदेला त्या भाषणात करण्याजोगं काही ठेवलंच नव्हतं.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका जत्रेत दाजींनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “माझं नाव तुला सांगितलं, तेव्हा तुझी आई रडली का रे?” अंगण गप्प झालं. शेंगदाणे खाणारे थांबले. आणि यशवंत गरजला, “पार्था, तुझ्या या उन्मत्त गर्जनेने...”

पुढच्या रांगेत कांबळं पांघरून एक म्हातारे बसले होते. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं: “अरे, तो खय गरजलो?”

हसू उसळलं. भाषण पुरं झालं, टाळ्या आल्या नाहीत.

पहाटे दाजींनी त्याला जवळ बसवून एवढंच सांगितलं की पाठ केलेलं आता सोड. यशवंताने सोडलं. वही ट्रंकेच्या तळाशी गेली. पण पाठांतर नको म्हणजे काय, हे त्याने पुन्हा आपल्याच मनाने ठरवलं. काहीच ठरवायचं नाही, तोंडाला येईल ते बोलायचं, कोणी केलं नसेल ते करायचं. आपल्याकडे पुष्कळांची समजूत इथपर्यंतच पोचलेली असते. विचार न करता केलं ते उत्स्फूर्त, असं मानून माणसं भलतं बोलतात, भलतं वागतात आणि वर त्याला मोकळेपणा म्हणतात.

पुढचा बभ्रुवाहन कुडाळजवळच्या एका जत्रेत लागला. मध्यरात्र उलटून गेली होती. अर्जुन बाकड्यावर पाठ फिरवून बसला. “चित्रांगदा? मी या नावाच्या कोणा स्त्रीला ओळखत नाही.” यशवंताच्या डोक्यात खरोखरच काही नव्हतं, आणि त्या रिकामेपणाचा त्याला आनंद झाला. त्याने तलवार उपसली, क्षणभर पाहिली आणि बाकड्यावर ठेवून दिली.

“नाही तर नाही. हा घे तुझा घोडा. हे राज्यही घे. मी वनात चाललो.”

आणि तो पडद्याआड गेला.

टाळ्या पडल्या. बभ्रुवाहनाने असं केलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पडद्यामागे यशवंत फुलून गेला होता. बाहेर रंगमंचावर अर्जुन बसून होता. त्याला घोडा मिळाला होता, राज्य मिळालं होतं, शत्रू उरला नव्हता. बाजूला चित्रांगदा उभी. बभ्रुवाहन लढला नाही तर अर्जुन मरत नाही. तो मेला नाही तर उलूपीला मणी आणायचं कारण नाही. आख्यान तिथेच संपत होतं आणि दहीकाला अजून कितीतरी लांब होता. पेटीमास्तरांनी प्रसंग ओळखला आणि अर्जुनाच्या एकटेपणावर एक पद उचललं. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

रंगपटात दिगू आरशासमोर होता. त्याचा प्रवेश शेवटाकडचा, म्हणून तो निवांत होता. पातळ नेसून झालं होतं, कपाळावरची नागफणी अजून बांधायची होती. पण दिगूची एक सवय होती. हात रंगात असले तरी कान पडद्याकडे असायचे. “वनात चाललो” हे ऐकल्याबरोबर तो उठला. नागफणी तशीच राहिली. पडद्यामागे हसत उभ्या असलेल्या यशवंताचं मनगट त्याने पकडलं आणि त्याला ओढतच बाहेर आणलं.

“थांब! मी पाताळातून आलेय तुझ्यासाठी. नागकन्या उलूपी मी, तुझी सावत्र आई.”

प्रेक्षकांना वाटलं, आख्यान असंच आहे. आणि गंमत नाही, आख्यान खरोखर असंच आहे. महाभारतात उलूपी युद्धाच्या आधीच जमीन दुभंगून वर येते आणि बभ्रुवाहनाला लढायला उभं करते. त्यांच्या कंपनीत हा प्रवेश गाळलेला होता, दिगूला तो माहीत होता. ती लढायला का लावते, हेही माहीत होतं. शिखंडीला पुढे करून अर्जुनाने भीष्मांना पाडलं, त्यासाठी वसूंनी, गंगेच्या संमतीने, त्याला शाप दिला आहे. मुलाच्या हातून पडला तरच तो त्या पापातून सुटेल, नाही तर नरक ठरलेला. म्हणजे बापावर बाण सोडणं हीच इथे बापाची सेवा. यशवंताने नऊ पानं लिहिली, तेव्हा हे काही त्याच्या गावीही नव्हतं. त्याने आपला प्रवेश वाचला होता, आख्यान वाचलं नव्हतं.

दिगूने शाप सांगितला नाही. तो सांगितला असता तर पहाटेसाठी काही उरलं नसतं. तो एवढंच म्हणाला, “या युद्धात तुझ्या पित्याचं हित आहे. कसं, ते युद्ध सरल्यावर सांगेन. पण तू वनात जातोस, जा. तुझं मन तिथे शांत होईल. भरसभेत जिला हा ओळखत नाही म्हणाला, ती कुठे जाईल?”

आणि दिगू बाजूला झाला. उत्तर यशवंताने द्यायचं होतं.

त्याच्याजवळ काहीही नव्हतं. वही नव्हती, आणि मघाची ऐटही नव्हती. तो जिकडे प्रश्न गेला होता तिकडे वळला. बाळा तिथे उभा होता. महिनोन् महिने ज्याच्याविषयी तो नऊ पानं बोलत होता, त्याच्याकडे त्याने पहिल्यांदा पाहिलं. बाळाने पदर ओठांशी दाबून धरला होता आणि नजर जमिनीवर होती. आपल्याला नाकारणाऱ्याकडेही नाही, मुलाकडेही नाही.

“आई,” यशवंत म्हणाला, “जाऊ?”

कुठे जाऊ, ते तो बोलला नाही. वनात की रणात. बाळाने मान वर केली. तो हळूहळू बाकड्यापाशी गेला. ज्याला ओळखत नाही म्हणाला होता त्या नवऱ्याच्या अगदी जवळून गेला, त्याच्याकडे न बघता मुलाने टाकलेली तलवार उचलली आणि ती मुलाच्या हातात दिली.

तातूची थाप पडली. त्या थापेवर दाजी बाकड्यावरून असे उठले की पुढे बसलेली पोरं मागे सरकली. मग जे युद्ध झालं, त्यात यशवंताला एकदाही पुढचं पाऊल आठवावं लागलं नाही. मृदंग पाऊल सांगत होता आणि मृदंगाला दाजी सांगत होते.

सकाळी काला झाला, देवळाच्या मागे सगळे खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत बसले. यशवंत दाजींसमोर येऊन बसला.

“दाजी, तां कसा सुचला माका?”

“काय?”

“आई, जाऊ.”

“तां तुका सुचला नाय,” दाजी म्हणाले. “तां बाळान दिल्यान तुका.”

“मगे तलवार?”

“ती तू दिलंस बाळाक. तू इचारलंस, म्हणान तेका उचलूक गावली.” दाजींनी कापडाने कपाळ पुसलं. “आणि घोडो सोडून गेलंस ना, तां मात्र तुझा. सगळा तुझा एकट्याचा. म्हणान आमका कोणाक पुढचा काय सुचाना. दिगूक सुचला, तेका आख्यान ठावक होता म्हणान.”

उत्स्फूर्त हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरतो की त्याच्यात जीव उरलेला नाही. मोर्चाला उत्स्फूर्त प्रतिसाद असतो, विक्रीच्या मांडवाला असतो, आठवडाभर आधी निरोप धाडून जमवलेल्या गर्दीलाही असतो. मुळातला स्फुर् हा धातू थरथरण्याचा, फडफडण्याचा आहे. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात असं जुनी माणसं म्हणत, आणि बाहू फुरफुरणं आपण आजही म्हणतो. पण बाहू रिकाम्या खोलीत फुरफुरत नाहीत. समोर कोणी उभं राहावं लागतं, काही घडावं लागतं, मग आतलं उसळून वर येतं. म्हणून पाचांतलं एक भाषण काढून वाचून दाखवणारा आणि समोरच्याचं न ऐकता तोंडाला येईल ते बोलणारा, या दोघांना मी एकाच बाकावर बसवीन. पहिल्याने आधी ठरवलं, दुसऱ्याने ठरवलं नाही, हा फरक वरवरचा आहे. समोर कोणी आहे हे दोघांच्याही लेखी नव्हतं.

दाजींनी त्या दिवशी त्याला एक काम लावलं. आख्यानाची पोथी वाच, आपल्या पार्टापुरती नको, सगळ्यांचे पार्ट बघ. अर्जुन काय गमावतो, उलूपी काय लपवते, चित्रांगदा कोणावर रागावते, सारथ्याला काय माहीत असतं. एकेक आख्यान असं वाचायचं. आणि ज्या रात्री काम नसेल त्या रात्री झोपायचं नाही, पडद्याच्या कडेला बसून ऐकायचं. यशवंताला ही तयारी पाठांतरापेक्षा जड गेली. पाठांतर एकट्याने होतं, दार लावून होतं. हे काम माणसांत बसून करायचं होतं आणि झालं की नाही हे कोणी सांगणार नव्हतं. तो पेंगायचा, तातू मृदंगावर टिचकी मारून जागा करायचा. हळूहळू त्याला कळू लागलं की दाजी वाक्याचा शेवट मुद्दाम मोकळा सोडतात. दिगू प्रश्नावर थांबतो. पेटीमास्तर नटाचा श्वास तुटायच्या आत सूर देतात. ज्याला तो आजवर संवाद म्हणत होता, त्यात किती देणंघेणं चालतं हे त्याला बाहेर बसून दिसलं.

वही ट्रंकेतच राहिली. ती त्याने फाडली नाही, त्याची गरजही नव्हती. त्यातली दोन-तीन वाक्यं पुढे कधी कधी त्याच्या तोंडी आली, जिथे समोरच्याने ती मागितली तिथे, आणि चांगली शोभली. पाठ असणं हा दोष कधीच नव्हता. पूर्वसुरींच्या ओव्या, पुराणातले दाखले, चांगली शब्दकळा हे सगळं जवळ असलंच पाहिजे, नाही तर मागितल्यावर द्यायचं काय?

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर मालकांनी त्याला बोलावलं. संकासूर करणारा जुना नट थकला होता. यशवंताचा चेहरा पडला. दशावताराच्या पूर्वरंगात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि त्याचे वेद पळवायला संकासूर. अंगभर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी जीभ. रेखीव चेहरा झाकायचा. राजांची भाषा सोडून मालवणीत बोलायचं. आणि हे काम आख्यानाच्याही आधीचं, लोक अजून जागा धरत असतात, पोरं रडत असतात, हाका चालू असतात.

“बभ्रुवाहन कोण करतलो?” त्याने विचारलं.

“तूच. पण आधी ह्यां कर.”

संकासुराशी प्रेक्षक बोलतात, हे त्या कामाचं वैशिष्ट्य. कोणी टोमणा मारतो, कोणी गावातली भानगड काढतो, कोणी नुसतंच नाव घेऊन हाक मारतो. संकासुराने जागच्या जागी परतवायचं, कोणाला न दुखवता आणि देवाचं आख्यान मागे न ठेवता. प्रत्येक गावी प्रश्न वेगळे. पाच भाषणांची पुंजी इथे पहिल्या मिनिटालाच संपली असती.

पहिल्या रात्री तो बुरखा घालून उडी मारून आला आणि आरोळी ठोकली. अगदी पुढे आईच्या मांडीवर बसलेलं एक लहान पोर किंचाळलं. ते असं रडू लागलं की पेटीचा सूर ऐकू येईना. आई त्याला थोपटत होती, उठून जावं की बसावं तिला कळेना, मागून कोणी “भायर व्हर तेका” असं ओरडलं. ब्रह्मदेव पोथी घेऊन ताटकळत उभा होता.

यशवंत थबकला. मग तो दोन पावलं मागे सरकला, बाकड्यामागे जाऊन दडला आणि फक्त बुरख्याची जीभ वर काढून कापऱ्या आवाजात म्हणाला, “अरे ब्रह्मदेवा, ह्यां कोण मोठो राक्षस इलो रे? केदो आवाज तेचो! माका भिया वाटता. वेद र्‍हवांदेत, माका आधी लपव.”

पोराचं रडणं मध्येच अडकलं. ते बाकड्याकडे बघू लागलं. यशवंताने जीभ हळूच खाली घेतली, परत वर काढली. पोराने नाक ओढलं आणि आपल्या बारीक आवाजात, जमेल तेवढं भयंकर, “हो!” करून ओरडलं.

संकासूर बाकड्यामागे धाडकन आडवा झाला. तातूने त्या पडण्यावर अशी थाप दिली की अख्खं अंगण हसलं, आणि ते पोर आईच्या मांडीवरून उठून पुढे येऊन दुसऱ्यांदा ओरडायला उभं राहिलं.